चिलखताची खरी किंमत

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर धारातीर्थी पडले आणि पोलिसांच्या चिलखतांचा प्रश्न ऐरणीवर आला. केवळ तंतूंच्या थरांचे चिलखत पिस्तुलाची गोळी अडवते; तिच्या सुमारे चौपट ऊर्जेने येणाऱ्या 'एके-४७'च्या गोळीपुढे पोलादी वा सिरॅमिकसारखी कठीण पाटीच हवी. साहजिकच वजन व किंमत वाढते.

२०१८ मध्ये लष्करासाठी १,८६,१३८ चिलखतांचा ६३९ कोटींचा करार झाला. म्हणजे नगास सुमारे ३४ हजार रुपये. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने निकषही निश्चित केले. परंतु कामरगावसारख्या गावातून भरती होणाऱ्या शिपायास निविदेतील नीचतम दर नव्हे, कसोटीस उतरलेली पाटी वाचवते. म्हणून प्रत्येक खेपेतील नमुन्यांवर गोळीबार-चाचणी करून तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे हेच शासनाचे कर्तव्य होय.