परसदारी : टाकळ्यावरचे ठिपके

मैत्रिणींनो, फणसाच्या आठळ्या घालून केलेली कोवळ्या टाकळ्याची भाजी यंदा तुमच्याकडे एकदा तरी झालीच असेल. पावसाचे दिवस सरू लागले, की रत्नागिरीत गडग्याकडेला माजलेल्या त्याच टाकळ्याच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसतात. मग सासूबाई म्हणतात, "रोगट आहे, नको"; शेजारीण म्हणते, "शिजवलं की सगळं मरतं." दोघींचं ऐकण्याआधी पान हातात घ्या.

ते उजेडाकडे धरा. कुरतडलेली भोकं असतील तर काम किडीचं. नागमोडी पांढरी रेघ म्हणजे पानाच्या आत अळी पोखरत गेली. बोटानं पुसली जाणारी पांढरी भुकटी म्हणजे भुरी, तीही बुरशीच. पण डाग पुसून जात नाही, मधे वाळलेला, कडेला गडद, भोवती कधी पिवळट वलय, आणि खालची जुनी पानं आधी धरलेली, असं असेल तर बहुधा पानठिपक्याची बुरशी. टाकळ्यावर सर्कोस्पोराच्या घराण्यातली बुरशी आढळते. पडताळून पाहायचं तर झाकणाच्या डब्यात ओला टीपकागद घालून ताजं पान २ दिवस ठेवा आणि डागावर लव आली का, ते मुलांच्या भिंगातून पाहा. जास्त दिवस मात्र नको हो, कुजक्या पानावर कसलीही बुरशी चढते!

ठिपक्यांची पानं निवडून टाका, स्वच्छ कोवळे शेंडे घ्या. पिवळ्या फुलांवर आलेला टाकळा तसाही निबरच.

मला खरी काळजी वाटते ती निळसर डागांची. सुपारीवर कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद नि चुना. त्याचे शिंतोडे झाडाखालच्या टाकळ्यावर पडतात. हा रोग नव्हे, पण ती भाजी धुऊनसुद्धा घेऊ नका. बाजारातल्या जुडीवर असे डाग दिसले, तर कुठून खुडली ते भाजीवालीला जरूर विचारा.

आणि ठिपके पाहून तणावर औषध मारायला जाऊ नका. अमेरिकेत १९८० च्या दशकात टाकळ्याच्या जवळच्या भावंडाचा शेतातून नायनाट करायला अल्टरनेरिया कॅसिई ही बुरशीच मुद्दाम फवारून पाहिली होती!

नेमकं नाव हवं असेल, तर दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना दाखवता येईल. पानं वर्तमानपत्रात दाबून न्या आणि जागा नि तारीख त्यावरच लिहा. ओली पानं पिशवीत कोंबलीत, तर पोचेपर्यंत त्यांचा चिखल होईल.