उत्तरसूची कोणत्या सालची?

यंदाच्या भूगोल दिनाच्या स्पर्धा आटोपल्यावर आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. बझर फेरीत मुलाने बरोबर उत्तर दिले आणि ते चूक ठरवले गेले.

कोकणातील एका शिक्षिकेने प्रकार सविस्तर कळवला आहे. प्रश्न होता, महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्याची लांबी किती? त्यांच्या आठवीतल्या मुलीने सर्वांत आधी बझर दाबला आणि ‘सुमारे ८७८ किलोमीटर’ असे सांगितले. निवेदकांनी हातातला कागद पाहिला, पाच गुण वजा केले आणि प्रश्न पुढच्या संघाकडे दिला. त्या संघाने ‘७२०’ म्हणून दहा गुण घेतले. शिक्षिका उभ्या राहिल्या, तर त्यांना उत्तर मिळाले, “मॅडम, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, नियमावलीत लिहिलं आहे.” पंधरा गुणांच्या या फरकाने त्यांचा संघ अंतिम फेरीतून बाहेर गेला.

त्या मुलीचे उत्तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातले होते. त्यात भारताचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटर झाला आणि महाराष्ट्राचा ८७७.९७. समुद्र कुठे पुढे सरकला नाही की मागे हटला नाही, बदलले ते मोजण्याचे प्रमाण. जुने आकडे सत्तरच्या दशकातले, १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरचे. नवे १:२,५०,००० वरचे. लघुप्रमाण नकाशावर धरमतर आणि जयगडच्या खाड्यांची वळणे सपाट होतात, बृहत्प्रमाणाकडे जावे तसतशी ती रेषेत येतात. आपण आठवीला नकाशाप्रमाण शिकवतो ते हेच. प्रमाण आणि वर्ष न सांगता किनाऱ्याची लांबी विचारणे हाच मुळात सदोष प्रश्न आहे. त्या सभागृहात भूगोल कोणाला येत होता, तर त्या मुलीला. शिक्षा तिलाच झाली, आणि पुढच्या वर्षी ती बझरला हात लावताना कचरेल याची जबाबदारी कोणीही घेणार नाही.

हा प्रकार एकट्या किनाऱ्यापुरता नाही. शिक्षण कार्यालयाचे पत्र स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी शाळेत पोहोचते, सोबत प्रश्नपेढीची झेरॉक्स असते, आणि त्या झेरॉक्सवर तारीख नसते. एका वाचकाने पाठवलेल्या प्रतीत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, म्हणजे तेव्हापासून ही प्रत कोणी वाचलेलीही नाही. त्याच प्रतीत केंद्रशासित प्रदेश सात आहेत. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर व लडाखची निर्मिती आणि २०२० मध्ये दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांचे एकत्रीकरण, असे दोन मोठे बदल होऊन ती संख्या आठ झाली. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाने ‘अहमदनगर’ म्हटले म्हणून गुण कापले, तर तिसऱ्या ठिकाणी ‘अहिल्यानगर’ म्हटले म्हणून कापले. नाव २०२४ मध्ये बदलले आणि मुलांच्या हातातले नकाशासंग्रह त्याआधीचे आहेत. दोन्ही नावे स्वीकारायला परीक्षकांना कोणता शासन निर्णय हवा होता? कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. २०२० साली अद्ययावत केलेली उत्तरसूची आज चूक आहे आणि दहा वर्षांपूर्वीची बरोबर! संदर्भ-दिनांक छापल्याशिवाय उत्तरसूचीला काही अर्थ उरत नाही, हे सांगायला आणखी कोणता पुरावा द्यायचा?

अधिकाऱ्यांना बोल लावताना आपल्यातल्या मार्गदर्शकांनाही सोडता येत नाही. बाजारातल्या ‘वन-लाइनर’ पुस्तिका घोकून घेणे म्हणजे बझरची तयारी, असा समज अजून जात नाही. अशा मुलाला ‘दोनदा ओलांडणारी नदी’ एवढे ऐकू आले की तो बझर दाबतो आणि ‘मही’ म्हणतो. प्रश्न मात्र असा असतो: ‘आफ्रिकेतील ही नदी एक प्रमुख अक्षवृत्त दोनदा ओलांडते आणि पुढे हिंदी महासागराला मिळते.’ ‘आफ्रिका’ ऐकल्यावर मही बाद, पण काँगो आणि लिंपोपो दोन्ही शिल्लक. काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते, लिंपोपो मकरवृत्त. ‘हिंदी’ हा शब्द कानावर पडेपर्यंत बोट बझरवर टेकलेले, पण थांबलेले हवे. काँगो अटलांटिकला मिळते हे ज्याच्या डोळ्यांपुढे नकाशात दिसते, तोच त्या शब्दावर दाबू शकतो. पुस्तिकेने हे येत नाही. भिंतीवरचा कोरा नकाशा, हातात नकाशासंग्रह आणि प्रश्न मध्येच तोडून ‘आता काय काय शक्य आहे?’ असे विचारणारा शिक्षक, एवढ्याने येते.

‘तर’चे प्रश्न हा दुसरा सापळा. ‘क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर आहे, तर सर्वांत लहान कोणता?’ घाईतला मुलगा ‘सर्वांत मोठा जिल्हा’वर दाबतो, अहिल्यानगर म्हणतो आणि गुण गमावतो. निवेदकाचा स्वर ‘मोठा जिल्हा’ नंतर खाली उतरला नाही, तर वाक्य संपलेले नाही. कान त्या स्वरासाठी तयार करून घ्यावे लागतात आणि हा सराव मोठ्याने वाचूनच होतो. प्रश्नसंचाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवून होत नाही.

शिक्षक मित्रांनो, पुढची प्रवेशिका भराल तेव्हा तिच्यासोबत आयोजकांना एक पत्र जोडा. उत्तरसूचीचा संदर्भ-दिनांक कोणता, आकडेवारीचा स्रोत कोणता, हे विचारा. मंचावर भूगोलाचा पदवीधर परीक्षक आणि चालू आवृत्तीचा नकाशासंग्रह असेल का, आणि पुढची फेरी सुरू होण्याआधी हरकत नोंदवता येईल का, हेही विचारा. आकडेवारीचे प्रश्न बझर फेरीतून काढून लेखी फेरीत घ्यावेत, अशी मागणी करा. तिथे मुलाला आकड्यापुढे वर्ष लिहिता येते. एका शाळेचे पत्र फाइलला लागेल. एका तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे एकाच मसुद्याचे पत्र गेले, तर कार्यालयाला उत्तर द्यावेच लागेल. मसुदा याच अंकात शेवटच्या पानावर दिला आहे, तो जसाच्या तसा वापरा.

आणि लेखी उत्तर आले नाही, तर त्या स्पर्धेला संघ पाठवू नका.