चुन्याखालची शिडी

परवा काकूने फोनवर विचारलं, "तिकडे राहून चर्चं कसली बघत फिरतोस रे?" खास तिच्यासाठी हे.

लंडनच्या दक्षिणेला, सरे काउंटीत, चॅल्डन नावाचं खेडं आहे. शेतं, झाडी आणि गारगोटीच्या भिंतींचं एवढंसं चर्च. अकराव्या शतकातलं. वेदीकडे तोंड करून बसलात तर विशेष काही दिसत नाही. निघताना मागे वळलात की पश्चिमेची भिंत अंगावर येते! सुमारे सतरा फूट रुंद, अकरा फूट उंच. गेरूच्या रंगावर फिकट आकृत्या. इ.स. १२०० च्या आसपासचं हे चित्र.

मधोमध शिडी. वर स्वर्ग, खाली नरक. काही माणसं चढताहेत, काही धडाधड खाली पडताहेत. वर एक देवदूत आत्मे तोलतोय (आपल्या चित्रगुप्ताकडे वही, यांच्याकडे तराजू). खाली सैतानांची कढई, काट्यांच्या पुलावरून चाललेले लबाड कारागीर, आणि ज्वाळांत बसलेला सावकार, पैशाच्या थैल्यांसकट. दर रविवारी त्याच्याकडे बघून कुळांना काय गार वाटत असेल! मला तर वाटतं चितारी स्वतःच कर्जात होता.

पुढे धर्मसुधारणा आली. इंग्लंडभर अशा चित्रांवर चुना फासला गेला, तसा यावरही. १८७० च्या सुमारास भिंतींचं काम निघालं, तेव्हा तिथल्या पाद्रीबुवांना चुन्याखाली रंग दिसला आणि त्यांनी काम थांबवलं. गंमत बघा, ज्यांना चित्र नको होतं त्यांच्याच चुन्याने ते दोन-तीनशे वर्षं झाकून ठेवलं.

हे सगळं आत्ताच का आठवलं? तर गावाकडून देवळाच्या जीर्णोद्धाराची पट्टी आलीय. सभामंडपाच्या भिंतीवरचे दशावतार आठवतात ना? पुसट झालेत, वराहाचं तर तोंडच गेलंय. तो गिलावा खरवडून तिथे टाइल्स बसवायच्या आहेत म्हणे. धुवायला सोप्या!

माझं म्हणणं एवढंच : चित्र नको असेल तर वरून साधा चुना मारा. आमच्या नातवंडांना वाटलं तर ती काढतील. खरवडलेलं कोण परत आणणार?

दादा, वाचत असशील तर बैठकीत एवढं मांड. शिखर गळतंय, त्यासाठी मी दुप्पट पट्टी देतो. टाइल्ससाठी मात्र एक रुपया नाही.