कंपनीचे नाव आणि यंत्राचे आयुष्य

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कालपर्यंत निमूटपणे काम करणारे कितीतरी लॅपटॉप एका तारखेने ‘जुने’ ठरले. त्यांतील बरेचसे लिनक्सवर आणखी काही वर्षे सहज चालतील, हा भाग निराळा. परंतु ज्यांना नवे यंत्र घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो आणि तो देशभरातील वसतिगृहांत, प्रयोगशाळांत त्याच शब्दांत विचारला जातो: कोणत्या कंपनीचा घ्यावा?

प्रश्न क्षुल्लक नाही. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. विदा-विश्लेषण आणि प्रबंधलेखन दोन्ही पेलू शकेल असा लॅपटॉप घ्यायचा, तर जवळजवळ दोन महिन्यांची अधिछात्रवृत्ती खर्ची पडते. ज्याला अधिछात्रवृत्तीच नाही, त्याच्या घरी तर ही वर्षभराची बचत असते. ते यंत्र तिसऱ्या वर्षी, ऐन प्रबंधाच्या वेळी बंद पडले, तर हानी केवळ पैशांची राहत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर किंवा मित्राच्या एका अनुभवावर सोपवणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तरी शोभत नाही.

मुळात प्रश्नच चुकीच्या जागी रोखलेला आहे. लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कंपनीचे नाव असते, तिने तो स्वतःच्या कारखान्यात बनवलेला असेलच असे नाही. क्वांटा, कॉम्पॅल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक या तैवानी कंपन्या अनेक प्रतिस्पर्धी ब्रँडांसाठी यंत्रे तयार करत आल्या आहेत. आतील पडदा, बॅटरीतील सेल, मेमरी, प्रोसेसर हे सारे मोजक्याच पुरवठादारांकडून येते. परिणामी दोषही ब्रँडची सीमा पाळत नाहीत. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या लिथियम-आयन सेलांत धातूचे सूक्ष्म कण राहून गेले आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा डेलला ४१ लाख आणि ॲपलला १८ लाख बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या. लेनोवो आणि तोशिबाही त्यातून सुटल्या नाहीत. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिपांच्या जोडणीतील दोष उघड झाला, तेव्हाही डेल, एचपी आणि ॲपल या तिघांचे ग्राहक एकाच पंगतीत बसले. ज्यांनी ‘अमुक नको, तमुक घेऊ’ असा विचारपूर्वक निर्णय घेतला होता, त्यांच्या निर्णयाचा येथे काडीचाही उपयोग नव्हता.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. एकाच कंपनीची दोन प्रतिरूपे एकमेकांपासून फार दूर असू शकतात. ॲपलच्या लॅपटॉपांची ख्याती मोठी. तरीही २०१५ पासून तिने आणलेला ‘बटरफ्लाय’ कळफलक धुळीच्या कणांनी अडू लागला, कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. त्याआधीची आणि नंतरची त्याच कंपनीची यंत्रे या दोषापासून मुक्त होती. ग्राहकाला कंपनी निवडता येत होती. प्रश्न मात्र वर्षाचा आणि प्रतिरूपाचा होता.

मग आकडेवारी काय सांगते? या विषयात वारंवार उद्धृत होणारे सर्वेक्षण स्क्वेअरट्रेड या अमेरिकी वॉरंटी-कंपनीने २००९ मध्ये ३०,००० लॅपटॉपांच्या नोंदींवरून केले. तीन वर्षांत यंत्र बिघडण्याचे प्रमाण असुसच्या बाबतीत १५.६ टक्के, तर एचपीच्या बाबतीत २५.६ टक्के आढळले. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट क्रमांकातील अंतर दहा टक्क्यांचे. पण त्याच अहवालात दुसरा आकडा होता, ज्याची चर्चा क्वचितच होते: पडणे, पाणी सांडणे अशा अपघातांनी निकामी झालेल्या यंत्रांचे प्रमाण १०.६ टक्के. म्हणजे ब्रँड निवडून जेवढा धोका टाळता आला असता, तेवढाच धोका टेबलावरच्या चहाच्या कपातून येत होता. शिवाय या यादीतील सोनीने पुढे २०१४ मध्ये आपला व्हायो हा व्यवसाय विकला आणि तोशिबा २०२० मध्ये लॅपटॉपच्या धंद्यातून पूर्णपणे बाहेर पडली. विश्वासार्हतेची क्रमवारी तयार होईपर्यंत ती ज्या यंत्रांविषयी असते ती बाजारात नसतात. कधीकधी कंपनीही नसते. आजही ती जुनी क्रमवारी आधार म्हणून पुढे केली जाते, हे थोडे गमतीचेच म्हणायचे.

यावरून सगळे लॅपटॉप सारखेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. फरक असतो, आणि तो यंत्राच्या रचनेत शोधावा लागतो. पहिला मुद्दा उष्णतेचा. लिथियम-आयन बॅटरीतील ऱ्हासकारक रासायनिक अभिक्रिया तापमानाबरोबर वेगवान होतात आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत त्या अधिक जोर धरतात. ज्या देशात मे महिन्यात खोलीचेच तापमान ३५ अंशांच्या वर राहते, तेथे दिवसरात्र चार्जरला जोडून शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होणे अटळ आहे. अनेक लॅपटॉपांत भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असते. ती बहुधा कोणी वापरत नाही. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या साफ करण्यासाठी तळाचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते की नाही, याला पातळपणाहून अधिक किंमत द्यायला हवी. भारतीय धूळ ही काही अपवादात्मक घटना नव्हे.

दुसरा मुद्दा मेमरीचा. अतिशय पातळ यंत्रांत रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तीतील एक चिप गेली तरी अख्खा बोर्ड बदलण्याची वेळ येते आणि त्याची किंमत ऐकून ग्राहक नव्या यंत्राकडे वळतो. आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवू, हा मध्यमवर्गीय हिशेब अशा यंत्रात लागूच पडत नाही. तिसरा मुद्दा बिजागरीचा. स्वस्त प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेली बिजागरी दोन-तीन वर्षांत सांगाडाच फोडते, हे नेहरू प्लेस, लॅमिंग्टन रोड किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरचा कोणताही कारागीर सांगेल. बहुतेक कंपन्यांच्या व्यावसायिक वापरासाठीच्या मालिका आणि स्वस्त घरगुती मालिका यांत खरा भेद येथे पडतो. अमेरिकी सैन्याच्या ‘८१०’ मानकाचा शिक्का मात्र जपून वाचावा. त्या मानकात अनेक चाचण्या आहेत, त्यांतील कोणत्या करायच्या हे निर्माताच ठरवतो आणि सैन्य कोणतेही प्रमाणपत्र देत नाही.

आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह? २०१२ च्या आदेशाने लॅपटॉपची नोंदणी सक्तीची झाली खरी, पण ती विद्युत-सुरक्षेपुरती. यंत्र धक्का देणार नाही, पेट घेणार नाही, एवढे ते चिन्ह सांगते. ते किती वर्षे चालेल याविषयी ते मूक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले आणि पुढे ते सौम्य करून नोंदणीवजा व्यवस्था आणली. तेव्हाचा वादही मुख्यतः यंत्र कोठे बनते यावर रंगला.

दुरुस्तीच्या हक्काबाबत सरकारने पावले उचलली आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाविषयीचा अहवाल आला. त्यात प्रारंभीचा भर मोबाइल आणि टॅब्लेटवर आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ रोजी असा निर्देशांक लागू केला, तेव्हा पहिल्या पाच वस्तूंत लॅपटॉप होता. तेथील दुकानात यंत्राशेजारी दहापैकी गुण लिहिलेले असतात. भारतात विद्यार्थ्यांच्या खर्चाचा एवढा मोठा भाग ज्या वस्तूवर जातो, तिला दुसऱ्या फेरीपर्यंत थांबवण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

परंतु निर्देशांकाहूनही मोलाची गोष्ट देशात आधीच पडून आहे. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लाखो लॅपटॉप मोफत वाटले. ही खरेदी एल्कॉट या राज्य सरकारी महामंडळामार्फत, ठरावीक तपशिलानुसार, एकाहून अधिक कंपन्यांकडून झाली. एकच राज्य, जवळजवळ एकच हवामान, एकाच वयोगटाचे वापरकर्ते, सारखी वैशिष्ट्ये आणि निरनिराळे निर्माते: एखाद्या संख्याशास्त्रज्ञाने मुद्दाम आखावा असा हा प्रयोग होता. वॉरंटीच्या काळात कोणत्या प्रतिरूपाच्या किती तक्रारी आल्या, कोणता भाग किती वेळा बदलला, एवढी सारणी जरी खुली झाली, तरी परदेशी वॉरंटी-कंपनीच्या जुन्या आकड्यांची गरज उरणार नाही. आयआयटी, केंद्रीय विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्याकडेही वार्षिक देखभाल-कराराच्या नोंदी असतातच. सार्वजनिक पैशांतून घेतलेल्या यंत्रांच्या बिघाडांची, कोणाचेही व्यक्तिगत तपशील न देता, प्रतिरूपनिहाय माहिती दरवर्षी प्रसिद्ध करण्याची अट खरेदीच्या निविदेतच घालता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर खरेदीदाराने कंपनीऐवजी नेमक्या प्रतिरूपाची चौकशी करावी. त्याचे दुरुस्ती-पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते का, रॅम आणि एसएसडी बदलता येते का, बॅटरी चिकटवलेली आहे की स्क्रूंनी बसवलेली, आणि आपल्या गावापासून सर्वांत जवळचे अधिकृत सेवाकेंद्र किती किलोमीटरवर आहे, हे दुकानात जाण्यापूर्वी अर्ध्या तासात पाहता येते. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वाढीव वॉरंटी जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर लागू आहे की नाही, हे मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.