घाम मोजाल, कामाचे तास कोण मोजणार?

छातीत जड वाटते, दम लागतो, पाठ भरून येते असे मावळातल्या बाईने सांगितले की घरचे उत्तर तयार असते : पित्त झाले असेल. दवाखान्यातूनही पुष्कळदा ती ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच ऐकून परतते. या दोन उत्तरांआड बायकांचा हृदयविकार लपून राहतो, असे माझे मत आहे.

ताण हे मनाचे खूळ नव्हे. हान्स सेल्ये यांनी १९३६ सालीच उंदरांवरील प्रयोगांतून त्याचे शरीरावरील परिणाम दाखवले. धोका जाणवला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल रक्तात येतात. नाडी आणि रक्तदाब वाढतो. धोका टळला की शरीर सावरते. पण तो टळतच नसेल तर? बोस्टनच्या संशोधकांनी २९३ जणांच्या मेंदूच्या तपासण्या पाहून २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले : भीती आणि ताणाशी निगडित असा मेंदूचा भाग ज्यांच्यात अधिक जागा असतो, त्यांच्या धमन्यांत दाह अधिक आढळतो आणि पुढे हृदयविकारही.

हा ताण येतो कुठून? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या १९८० सालच्या अभ्यासात कारकुनी नोकरी, पदरी मुले आणि साथ न देणारा वरिष्ठ अशा कात्रीत सापडलेल्या बायकांमध्ये हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे दोष बाईच्या स्वभावात नव्हता, तिच्या दिवसात होता.

रसायनशास्त्रानेही आता यात हात घातला आहे. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये कातडीवर चिकटवायची एक पट्टी तयार झाली. तिच्या पॉलिमरच्या पडद्यात कॉर्टिसॉलच्या रेणूच्या मापाचे साचे असतात; घामातले कॉर्टिसॉल त्यांत अडकते आणि त्याचे प्रमाण कळते. शोध मोलाचा आहे. पण आकडा कोणाच्या हाती जाणार? मालकाच्या हाती गेला तर ‘हिला ताण झेपत नाही’ म्हणून बाईलाच घरी बसवतील.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासले. योगाला माझा विरोध नाही. पण प्राणायामाला निवांत अर्धा तास लागतो. शनिवार-रविवारी पर्यटक आले की बंगल्यांतल्या चादरी, भांडी, फरशा जिच्या वाट्याला येतात, किंवा भातलावणीत दिवसभर वाकून जिला रात्री पुन्हा चूल पेटवायची असते, तिने तो कुठून काढायचा? आधी तिचे तास कमी करा, घरकाम वाटून घ्या, मग श्वासाचे धडे द्या.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला दिवस मांडावा : झोप किती, काम किती, विसावा किती. हृदयविकारात बायकांच्याही छातीत दुखते. पण दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणेही त्यांच्यात बरीच दिसतात, हे सर्वांना सांगावे. अशी तक्रार अचानक उद्भवली तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नका, तिला तातडीने रुग्णालयात न्या. अशा प्रत्येक बाईचा रक्तदाब आणि ईसीजी जवळच्या सरकारी केंद्रात वेळेवर व्हावा, ही मागणी ग्रामसभेत लेखी द्या. आणि उद्या घाम मोजणारी पट्टी आपल्या गावात आलीच, तर तिच्यावरच्या आकड्यावर पहिला हक्क घाम गाळणारीचा राहील, हे आजच ठरवून टाका.