विरून जाणाऱ्या सांगाड्याचे श्रेय

‘प्रयोगशाळेत रक्तवाहिनी वाढवली’ अशी वार्ता अधूनमधून प्रसिद्ध होते, तेव्हा वाचकाचे सारे कौतुक जिवंत पेशींच्या वाट्याला जाते. त्या पेशींना आधार देऊन ठराविक मुदतीत स्वतः विरून जाणारा जो पॉलिमरचा सांगाडा, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. हा प्रश्न केवळ मानमरातबाचा असता तर त्यावर लेखणी झिजवण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु सरकारी खजिन्यातील पैसा कोठे जावा, हेही त्यात गुंतलेले आहे.

टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठात 1999 साली तोशिहारु शिनोका यांनी चार वर्षांच्या एका मुलीच्या बंद पडलेल्या फुप्फुसधमनीच्या जागी, तिच्याच शिरेतील पेशी पेरलेली नळी बसवली. कायम टिकणारी कृत्रिम नळी मुलाच्या अंगाबरोबर वाढत नाही, ही बालहृदयशल्यचिकित्सेतील जुनी अडचण. म्हणून ही नळी लॅक्टिक आम्ल व कॅप्रोलॅक्टोन यांच्या सहपॉलिमरची केली होती आणि तिला बळकटी होती ती विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांतून शल्यविशारदांना सुपरिचित झालेल्या पॉलिग्लायकोलिक आम्लाची. शरीरातील पाण्याने अशा पदार्थांचे बंध हळूहळू तुटतात. नवे कोलॅजन रक्ताचा दाब पेलण्याइतके बळकट होण्यापूर्वीच सांगाडा गेला तर भिंत फुगते वा फाटते, आणि तो रेंगाळला तर दाह चालू राहून मार्ग अरुंद होतो. सारे कौशल्य या वेळेच्या हिशेबात आहे.

पेशींचे काय झाले, ते 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून कळले: पेरलेल्या पेशी लवकरच नाहीशा होतात, मात्र जाता जाता त्या रासायनिक संकेताने यजमानाच्या श्वेतपेशींना पाचारण करतात, आणि पुढचे बांधकाम यजमानाचे शरीरच करते; तोच संकेत सांगाड्यातून सोडला असता पेशींवाचूनही काम भागते, असेही तेथे दिसले. अमेरिकेत मुलांमध्ये या नळ्या अरुंद होऊ लागल्या तेव्हा चाचणी थांबवावी लागली. पण 2020 साली कोकरांमध्ये हेच आकुंचन कालांतराने आपोआप ओसरल्याचे आढळले. वर्षभरात निकाल मागणाऱ्या समितीच्या हाती त्यातले अर्धेच सत्य लागले असते.

पेशी जोपासण्याची निर्जंतुक व्यवस्था ही या विद्येतील अत्यंत खर्चिक बाब, आणि प्रत्येक रुग्णासाठी ती नव्याने उभारणे आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरचे आहे. फडताळात ठेवता येईल असा पेशीविरहित सांगाडा मात्र आपणास परवडण्याजोगा आहे. हृदयधमनीसारख्या बारीक वाहिन्यांत रक्त गोठण्याचे संकट अद्याप टळलेले नाही, हे मान्य करूनही माझे मत हेच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप अनेक रचना फसल्यानंतर 1990 मध्ये रुग्णाच्या छातीत बसवली, ती कोणी दरसाल अनुदानाची दोरी आवळली नाही म्हणूनच. पॉलिमर-रसायनाच्या संशोधकांनाही तशीच दीर्घ मुदतीची मंजुरी मिळावी, आणि नळी बसवल्यावर रुग्णांवर दहा वर्षे देखरेख ठेवण्याच्या खर्चाची तरतूद त्या मंजुरीतच असावी.