तलवारीची साक्ष कोणी लिहिली?

हातघाईच्या लढाईचे वर्णन वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की लिहिणारा हात कोणाचा? शस्त्र चालविणाऱ्याचा, की दुसऱ्या कोणाचा?

१८५८ साली झाशीच्या वेढ्यात वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे अडकले होते. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, परंतु अक्षर होते. म्हणून त्या कत्तलीचे आणि भयाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मराठीला लाभले. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा-कोरेगावच्या गल्ल्यांत पेशव्यांचे अरब व गोसावी आणि कंपनीचे शिपाई दिवसभर एकमेकांना भिडले. कॅप्टन स्टाँटनने अहवाल लिहिला. मरणासन्न लेफ्टनंट पॅटिन्सन बंदूक उलटी धरून दस्त्याने प्रहार करीत राहिला, हे ग्रँट डफने १८२६ च्या ग्रंथात नोंदविले. त्याच्याबरोबर लढलेल्या शिपायांची हकिगत मात्र त्यांच्या तोंडून कोणी टिपली नाही. अक्षर त्यांना नाकारलेले होते. विजयस्तंभावरील मृतांच्या यादीत ‘नाक’ शेवटी असलेली २२ नावे आहेत; तेवढीच त्यांची साक्ष.

ही रिकामी जागा आज फुगविलेल्या आकड्यांनी आणि सिनेमातल्या तलवारबाजीने भरली जाते. ऐकीव गोष्ट कसोटीवाचून स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना हे शोभत नाही, असे आम्हांस स्पष्टपणे वाटते. पेशव्यांचे सारे सैन्य गावात उतरले नव्हते. कंपनीच्या सुमारे ८०० जणांत महारांखेरीज अन्य जातिधर्मांचेही लोक होते. हे सांगितल्याने त्या २२ नावांचे तेज तिळभरही उणे होत नाही. शिरूरहून रात्रभर चालून आलेली माणसे अन्नपाण्यावाचून दिवसभर लढली. हे सत्य पुरेसे आहे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी आले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तरी त्यांनी उलट हात उचलू दिला नाही. आणि त्या संग्रामाविषयी स्वतःच्या ‘बहिष्कृत भारत’ पत्रात स्वतः लिहिले. लढणारा आणि लिहिणारा हात येथे एक झाला. आमच्या मते १८१८ ते १९२७ या प्रवासातील सर्वांत मोठा विजय हाच.

तो विजय राखणे आता आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. नामांतराच्या लढ्यात मार खाल्लेली, घरे जळताना पाहिलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. ती सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, तारीख घाला, दुसऱ्याला विचारून पडताळा. त्यांची साक्ष केवळ नावांपुरती उरू देऊ नका.